तीन उकळ्यांची कलेजी

डॉक्टरांनी ह्यांचं बोट टोचलं, रक्ताचा थेंब टिपकागदाच्या तुकड्यावर घेतला आणि एका रंगपट्टीशेजारी धरला. पट्टीवर दहा लाल रंग होते, वरचा गडद आणि खालचा अगदी फिकट. ह्यांचा थेंब खालून तिसऱ्या रंगाशी जुळला.

"हिमोग्लोबिन तीस टक्के," डॉक्टर म्हणाले. "बाई, तुमचे यजमान चालत आले इथवर?"

"टांग्यातनं आणलं."

"तरीच."

हिमोग्लोबिन म्हणजे रक्तातला लाल पदार्थ. धडधाकट माणसाचा शंभराच्या आसपास असतो. तीसवर माणूस जिवंत असतो, पण नुसता असतो. सोलापुरातल्या सरकारी दवाखान्यात ह्यांना त्याच दिवशी खाट मिळाली. दुसऱ्या दिवशी 'टेस्ट मील' झालं. त्यात रोग्याला पातळ पेज पाजतात, मग तोंडातून रबरी नळी पोटात सोडून थोडी थोडी पेज परत काढतात आणि पोटात आंबट रस होतो का ते तपासतात. ह्यांच्या पोटात तो रस होतच नव्हता. तिसऱ्या दिवशी डॉक्टर खाटेशी आले आणि त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, 'पर्निशस ॲनिमिया'. म्हणजे रक्त आतल्या आत असं आटत जातं की माणूस बघता बघता संपतो.

"पाच-सहा वर्षांपूर्वी आम्ही नातेवाइकांना बोलावून घ्या म्हणायचो," डॉक्टर म्हणाले. "आता उपाय सापडलाय. बकऱ्याची कलेजी. रोज अर्धा पौंड, जेमतेम शिजवलेली. कच्ची गेली तर आणखी चांगलं. मी ब्राह्मण आहे, मी हे सांगतोय म्हणून हसू नका. हे औषध आहे."

दुसरा कुणी असता तर त्यानं विचारलं असतं, कलेजी कुठं मिळते. माझ्या नवऱ्यानं डोळे मिटले आणि म्हणाला, "प्रभू, माझी अशी परीक्षा घेऊ नकोस."

इथं आमची ओळख द्यायला हवी, नाहीतर पुढचं सगळं वेड्यांचं वाटेल. तसं ते आहेच. आम्ही जन्मानं ख्रिस्ती. माझं नाव राहेल, माहेर मंगळवेढ्याकडचं. हे मिशनच्या शाळेत मास्तर होते. दहा वर्षांपूर्वी गावात एक उपदेशक आला. त्यानं पडद्यावर दिव्याच्या उजेडात बायबलातल्या भाकितांची चित्रं दाखवली, सात डोक्यांचं श्वापद, सोन्या-चांदीचा नि मातीच्या पायांचा पुतळा. प्रभू लवकरच येणार, खरा शब्बाथ, म्हणजे देवानं ठरवलेला विसाव्याचा दिवस, शनिवारी आणि बाकी सगळे ख्रिस्ती चुकलेले, असं त्यानं सांगितलं. ह्यांनी चार रात्री चित्रं पाहिली आणि शाळा सोडली. नवरा जिकडं, बायको तिकडं. लोक आम्हाला 'शनिवारवाले' म्हणायला लागले.

शनिवारी विसावा घ्यायला माझी काही हरकत नव्हती. बाईमाणसाला कुठल्याही वारी विसावा मिळाला तर ती नको म्हणत नाही. पण शनिवार ही नुसती सुरुवात होती. मग चहा गेला, कॉफी गेली. मिरी गेली, कारण ती रक्त तापवते. मांस गेलं. डुक्कर आणि खवल्याविना मासे हे शास्त्रानंच निषिद्ध, पण बकराही गेला, कारण प्रभू येईल तेव्हा त्याला फळभाज्यांवर जगणारी शुद्ध माणसं हवी आहेत म्हणे. शुक्रवारी सूर्य बुडायच्या आत चूल विझली पाहिजे, ती शनिवारी सूर्य बुडेपर्यंत पेटायची नाही. ह्यांच्या आजोबांनी सोवळं-ओवळं झुगारून बाप्तिस्मा घेतला आणि नातवानं ते मागच्या दारानं परत घरात घेतलं. वर मिरवायचं की आम्ही जातीपातीच्या अंधारातून सुटलो.

आणि सगळ्यावर कळस म्हणजे तपासणीचा न्याय. ही शिकवण अशी की स्वर्गात आत्ता, ह्या घडीला, पुस्तकं उघडलेली आहेत. एकेक नाव घेऊन तपासणी चालू आहे. आधी मेलेल्यांची, मग जिवंतांची. तुमचं नाव कधी निघेल ते तुम्हाला कळणार नाही. ते निघेल त्या क्षणी एक जरी पाप कबूल करायचं राहिलेलं असलं, तर नाव पुसलं. ह्यामुळं माझा नवरा रोज संध्याकाळी वहीत दिवसाची पापं लिहायचा. एकदा नव्या पेठेत एका दुकानदाराला त्यांनी "पाच मिनिटांत येतो" म्हटलं आणि अर्धा तास लावला. त्याची माफी मागायला शुक्रवारी सूर्य बुडायच्या आत धावत गेले. दुकानदाराला काही आठवतच नव्हतं. त्यानं ह्यांना चहा देऊ केला. चहा नाकारताना मनात लोभ आला, म्हणून तेही वहीत गेलं.

ह्यांचं काम मंडळीची, म्हणजे आमच्या पंथाची, आरोग्याची पुस्तकं विकायचं. मांस सोडा, चहा सोडा, मसाले सोडा, शंभर वर्षं जगा. ही पुस्तकं बगलेत मारून हे दुकानोदुकानी हिंडायचे, मोडनिंब-मंगळवेढ्यापर्यंत जायचे. आजाराची सुरुवात झाली तेव्हाही हिंडतच होते. नव्या पेठेतला एक कापडवाला शेवटी म्हणाला, "मास्तर, पुस्तक राहू द्या. आरशात तोंड बघितलंय का? आधी कुठल्या तरी डॉक्टरला दाखवा की."

लक्षणं सांगते. तुमच्या घरात कुणाला दिसली तर वेळ घालवू नका. पहिल्यांदा जिभेला धरलं. जीभ लालभडक आणि गुळगुळीत झाली, भाकरीचा तुकडा लागला तरी आग व्हायची. मग पायांना मुंग्या आल्या. चप्पल निसटून मागं राहिली तरी हे चार पावलं तसेच जायचे. चार पायऱ्या चढल्या की धाप. चेहऱ्यावर फिकट पिवळी झाक, कावीळ म्हणावी तर तीही नव्हे. भूक मेली. चिडचिड वाढली, पण हे चिडल्यावर लगेच ते वहीत लिहायचे, त्यामुळं घरात भांडणसुद्धा धड व्हायचं नाही.

आमच्या मंडळीचे वडील सिमोनराव. मंडळीत वडील म्हणजे कारभारी, पाळक, म्हणजे धर्मगुरू, नसेल तेव्हा सगळं तेच बघतात. त्यांनी ही लक्षणं ऐकून निदान केलं, "बंधू, काहीतरी लपवलेलं आहे. कबूल करा." हे आठवडाभर आठवत बसले, काय लपवलं. शेवटी लहानपणी मामाच्या घरी खाल्लेली डुकराची भाजी आठवली, ती कबूल केली. जीभ तशीच राहिली. मग सिमोनराव म्हणाले, उपास करा. रक्त आटलेल्या माणसाला उपास! अशा सहा महिन्यांनंतर मी टांगा बोलावला. आमच्याच पंथाच्या दूरच्या मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी हे ऐकलं असतं तर कपाळाला हात लावला असता. ती माणसं शहाणी असतील. आमच्या वाट्याला सिमोनराव आले.

तर डॉक्टरांनी कलेजी सांगितली आणि हे म्हणाले, "वडिलांना विचारल्याशिवाय मी तोंड लावणार नाही." मी सिमोनरावांना बोलावलं. मी, माझ्या पायांनी जाऊन. ते खाटेजवळच्या स्टुलावर बसले, बायबल उघडलं आणि ह्यांच्या उशाशी न्यायसभा भरली. बकरा शुद्ध, कारण त्याचे खूर दुभंगलेले आणि तो रवंथ करतो. इथवर ठीक. पण कलेजी रक्तानं भरलेली, आणि रक्त खाणं तर महापुरातल्या नोहापासून मना आहे, पुढं प्रभूच्या प्रेषितांनीही मना केलंय. एकीकडं देहाला जपणं हेही कर्तव्यच. सिमोनरावांनी डोळे मिटले, बऱ्याच वेळानं उघडले.

"कलेजी तीन वेळा उकळायची," ते म्हणाले. "तिन्ही वेळचं पाणी फेकून द्यायचं. शेवटचं पाणी स्वच्छ निघालं म्हणजे रक्त गेलं. मग ते मांस नाही, औषध. शब्बाथला अर्थातच चूल नाही."

"वडील, दोन उकळ्या चालणार न्हाईत का?" मी विचारलं.

त्यांनी परत डोळे मिटले. "तीनच बऱ्या."

हा प्रश्न मी थट्टेनं विचारला नव्हता. तेव्हा मला खरंच ते महत्त्वाचं वाटलं होतं. आज लिहिताना स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं. दोन की तीन, ह्यावर स्वर्ग अडलेला, आणि खाटेवर माणूस पांढरा पडत चाललेला.

दवाखान्याच्या मागच्या बाजूला लिंबाखाली रोग्यांची माणसं तीन दगड मांडून स्वयंपाक करायची. मीही तिथं चूल मांडली. दहा वर्षांनी कलेजी हातात घेतली, तेव्हा आधी कुणी बघत नाही ना ते पाहिलं. उकळली, पाणी मोरीत ओतलं. पुन्हा उकळली, ओतलं. तिसऱ्यांदा उकळल्यावर पाणी स्वच्छ निघालं, आणि पातेल्यात करड्या चिंध्या उरल्या. मिरी नाही, मसाला नाही. हे डोळे मिटून प्रार्थना करायचे आणि चावत बसायचे. जीभ आधीच सोललेली.

शेजारच्या चुलीवर नरसम्मा असायची. ती पद्मशाली, तेलुगू विणकरांतली, घरात हातमाग. तिची लेक लक्ष्मी सातव्या महिन्यात होती आणि बायकांच्या वॉर्डात होती. तिलाही ॲनिमियाच होता. पोटात बाळ असताना बऱ्याच बायकांचं रक्त असं उतरतं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. नरसम्मानं मला पहिल्या दिवशी पाणी ओतताना पाहिलं, दुसऱ्या दिवशी पाहिलं. तिसऱ्या दिवशी तिनं माझा हातच धरला.

"अय्यो, कशाला सांडते? चांगला कलेजीचा पानी हाय की. माझी पोरीला दे."

"त्यात रक्त असतं," मी म्हटलं.

"रक्तच पायजे की तिला. डाक्टर काय म्हनला? रक्त न्हाय म्हनला."

 मी पातेलं तिच्यासमोर केलं आणि तिनं आपल्या तांब्यात पहिलं पाणी गाळून घेतलं. तेव्हा माझ्या मनात काय आलं तेही सांगते, कारण मी सिमोनरावांवर एवढं तोंड टाकतेय तर माझं झाकून कसं चालेल. मनात आलं, ही तशीही बाहेरचीच, हिला रक्त खाल्ल्यानं आणखी काय होणार आहे. अशा उदार मनानं मी ते पाणी दिलं. त्यानंतर रोज देत राहिले. नरसम्मा त्यात लसूण, मीठ आणि थोडी मिरी टाकून उकळी आणायची आणि वास सगळ्या अंगणभर पसरायचा. माझ्या तोंडाला पाणी सुटायचं आणि मी ते पाप म्हणून मनात नोंदवायची.

दहा दिवसांनी पुन्हा बोट टोचलं. थेंब दोन रंगांच्या मधे बसला, डॉक्टरांच्या अंदाजानं तीसचे सव्वीस झाले होते. डॉक्टर म्हणाले, कधी कधी वेळ लागतो. आणखी आठवड्यानं बावीस. आता ह्यांना उठून बसवलं तर डोळ्यांपुढं अंधारी यायची. पायांना चिमटा काढला तरी कळत नव्हतं. नळीची तपासणी परत झाली, सूक्ष्मदर्शकाखाली रक्त परत पाहिलं. डॉक्टरांनी मला तीनदा विचारलं, "कलेजी रोज देताय ना?" मी तीनदा हो म्हटलं. खोटं नव्हतं ते. शनिवार सोडून रोज देत होते.

एका सकाळी मी चुलीशी बसले होते आणि बायकांच्या वॉर्डाच्या दारातून लक्ष्मी चालत आली. तीन आठवड्यांपूर्वी तिला चौघींनी उचलून आणलं होतं. आता ती पदर खोचून आईला भांडत होती, भात का करपवला म्हणून. ओठांना रंग आला होता. तिच्या मागून डॉक्टर आले. ते सहसा चुलींकडं येत नसत.

"नरसम्मा, खरं सांग. दवाखान्याच्या औषधानं एवढा फरक पडत नाही. हिला काय देतेस?"

"कलेजीचा पानी," नरसम्मा म्हणाली, आणि माझ्याकडं बोट केलं. "ही बाई फेकून देत होती. मी मागून घेतली."

डॉक्टर माझ्या पातेल्यापाशी आले. माझी दुसरी उकळी चालू होती. त्यांनी वाकून पाहिलं, मोरीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"किती वेळा उकळता?"

"तीनदा."

"का?"

मी सांगितलं. खूर, रवंथ, नोहा, सगळं. दवाखान्याच्या मागं, भर उन्हात, धुरात डोळे चोळत मी एका ब्राह्मणाला बायबलातलं लेवीयाचं पुस्तक समजावून सांगत होते. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही.

"बाई, औषधी सत्त्व आहे ते पाण्यात उतरतं," ते शेवटी म्हणाले. "उरलेलं उकळून उकळून मरतं. तुम्ही औषध दुसऱ्याला पाजलंत आणि नवऱ्याला चोथा दिलात. आजपासून जेमतेम तव्यावर फिरवून द्या. जास्तीत जास्त दोन आठवडे आहेत आपल्याकडं, त्याच्या आत फरक दिसला पाहिजे. ह्यापुढं उकळी फुटली तर मला सांगायलाही येऊ नका."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं.  नरसम्मानं माझं पातेलं चुलीवरून उतरवलं.

त्या दुपारी मी कलेजी सुरीनं बारीक खरवडली, मीठ आणि कोथिंबीर घातली, तव्यावर नुसती फिरवली, लहान लहान गोळ्या वळल्या आणि ताकाबरोबर ह्यांच्यापुढं नेल्या. ह्यांनी एक गोळी बोटानं दाबली. लाल पाणी सुटलं. ह्यांनी ताटली सरकवली.

डॉक्टर काय म्हणाले ते मी सांगितलं. दोन आठवडे म्हणाले, हेही सांगितलं. तेवढ्यात सिमोनराव हजर. त्यांनी ताटलीकडं पाहिलं आणि ते ह्यांना म्हणाले, "बंधू, शेवटची कसोटी अशीच येते. देह काय, आज ना उद्या जाणारच."

स्वतःचा देह त्यांनी बराच सांभाळलेला होता. मी म्हटलं, "वडील, तुमी आता निघा. उद्या शनिवार, तुमची तयारी राहिली असंल की."

"बाई, तुम्ही आपल्या नवऱ्याला..."

"निघा म्हटलं."

ते गेले. हे छताकडं बघत पडले होते. आवाज इतका बारीक झाला होता की मला वाकून ऐकावं लागलं.

"राहेल, समज आज माझं नाव निघालं तर? आणि तोंडात रक्त असलं तर?"

"आणि न्हाई निघालं तर?"

"ते कळायला मार्ग नाही."

"दहा वर्षं झाली," मी म्हटलं. "एवढा उन्हातान्हात हिंडलात, एवढं सोडलंत, एवढं लिहिलंत. एक दिवस तरी तुमाला वाटलं का, की आपण वाचलो, आपलं तारण झालंय?"

"असं म्हणणं गर्वाचं असतं," हे म्हणाले. अगदी सहज म्हणाले, धडा पाठ केलेल्या मुलासारखं.

तेव्हा मला जो राग आला तसा जन्मात आला नव्हता. ज्याच्या नावानं आम्ही ख्रिस्ती म्हणवतो तो वधस्तंभावर खिळून मेला, ते काय ह्यांची वही तपासायला? हा माणूस मरायला टेकलाय आणि ह्याला अजून माहीत नाही, आपण कुणाचे. असला देव मला सावकार म्हणूनसुद्धा नको होता. पण हे बोलून उपयोग नव्हता. प्रवचनं ह्यांनी माझ्यापेक्षा जास्त ऐकली होती. मग मी ताटली उचलली आणि म्हटलं,

"ऐका. हे खाणं पाप असंल तर ते माझं. मी आणलं, मी केलं, मी भरवलं. माझ्या नावावर लिवा म्हणावं. तुमच्या नावावर एक अक्षर नको."

ह्यांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. "खरंच घेतेस?"

"घेतलं."

"सगळं?"

"सगळं. आता आ करा."

आणि ह्यांनी तोंड उघडलं.

एकामागून एक सगळ्या गोळ्या खाल्ल्या. ताक प्यायले. मी भरवत होते आणि आतून जळत होते. दहा वर्षं हा माणूस सांगत हिंडला की प्रभूनं आपलं पाप स्वतःवर घेतलंय, आणि त्यावर एक दिवसही विसंबला नाही. मंगळवेढ्याकडच्या एका अर्धवट शिकलेल्या बाईनं 'घेतलं' म्हटलं, तर लगेच विसंबला. त्या दिवशी मला ह्यांची जेवढी किळस आली तेवढी रक्ताचीही आली नाही. हे लिहायला नको होतं, पण आजारपणात माणसाच्या जवळ बसणाऱ्या बायकांना असं वाटतं, आणि कुणी सांगत नाही.

आता तुमच्या उपयोगाचं सांगते. दुसऱ्या दिवशी शनिवार, तरी मी चूल पेटवली आणि कलेजी दिली. चौथ्या दिवशी भूक लागली. सहाव्या दिवशी जिभेची आग कमी झाली. दहाव्या दिवशी टिपकागदावरचा थेंब तीस आणि चाळीसच्या रंगांच्या मधे बसला, डॉक्टरांनी चौतीस धरले. डॉक्टरांनी ती पट्टी मला हातात धरायला दिली. महिन्यानं पंचावन्न. लक्ष्मीला दवाखान्यातच मुलगी झाली, तेव्हा हे काठी टेकत बायकांच्या वॉर्डाच्या दारापर्यंत बघायला गेले. पायांच्या मुंग्या पूर्ण गेल्या नाहीत, डॉक्टर म्हणाले, उशीर झाला होता, तेवढं राहणार. तो उशीर सहा महिन्यांच्या कबुलीजबाबाचा आणि तीन आठवड्यांच्या उकळ्यांचा होता. कलेजी आता जन्मभर खायची आहे. मुंबईला तिचा अर्क सुईनं देतात म्हणे, इकडं आला की आम्हाला कळवतील.

घरी आल्यावर पंधरा दिवसांनी सिमोनराव दोघांना घेऊन आले. ठराव वाचला. आमची नावं मंडळीच्या यादीतून कमी केली होती. कारण लिहिलं होतं, रक्तभक्षण, आणि शब्बाथला चूल पेटवणं. मी त्यांना चहा विचारला. कुणी घेतला नाही, पण त्या दोघांतल्या एकाचं लक्ष किटलीकडं गेलं ते मी पाहिलं. ह्यांनी मान खाली घालून ऐकलं. मला वाटलं, संपलं एकदाचं.

संपलं नव्हतं. त्यानंतरच्या तपासणीत रक्त आधीसारखं वाढलेलं दिसेना. डॉक्टरांनी माझ्याकडं संशयानं पाहिलं. मी म्हटलं, उकळत नाही, देवाशप्पथ. मग घरी बारकाईनं पाहिलं तेव्हा कळलं. दर शुक्रवारी हे जेवत नव्हते. मी विहिरीवर गेले की ताट शेजारच्या कुत्र्यापुढं रिकामं करायचे आणि मला जेवलो म्हणून सांगायचे. रंगेहाथ सापडले तेव्हा मी ताट आपटलं.

"का? नावं तर कमी झाली. आता कुणाचं भ्याव?"

ह्यांनी आपटलेलं ताट उचलून कडेला ठेवलं. मग म्हणाले, "माझ्यासाठी नाही. तुझ्यासाठी करतोय."

"माझ्यासाठी?"

"त्या शुक्रवारी तू माझं पाप घेतलंस. सगळं. मी घेऊ दिलं. जीव वाचवायला बायकोच्या डोक्यावर घातलं. आता तुझं नाव निघालं तर? तू तर वहीसुद्धा लिहीत नाहीस." ह्यांनी फळीवरच्या वहीकडं बोट केलं. "मला रोज वाटतं, आज राहेलचं नाव निघालं."

इतके दिवस मी ह्यांना मनात काय काय म्हटलं होतं. भित्रा, मतलबी, पोथीतला किडा. आणि हा माणूस अर्धं रक्त घेऊन, सुन्न पायांनी, माझ्यासाठी उपाशी राहत होता. चुकीच्या देवापुढं, चुकीच्या कारणानं, पण माझ्यासाठी. 

"अहो, मी काय बी घेतलं न्हवतं," मी म्हटलं. "मी कोण घेणारी? मी बायको हाय तुमची. तुमी तोंड उघडावं म्हणून म्हटलं. घ्यायला काय शिल्लकच न्हवतं. ज्यानं घ्यायचं त्यानं कवाच घेतलं, तुमच्या न् माझ्या जन्माच्या आधी. तुमी विकत होता त्या सगळ्या पुस्तकांच्या आधी."

"मग तू सांगितलंस ते खोटं?"

"खोटं. पण खरं ऐकलं न्हाई तुमी. खोटं ऐकलंत."

 मला वाटलं, आता हे वहीत माझं खोटं बोलणं लिहितील. पण ह्यांचा चेहरा हळूहळू सुटत गेला, खाटेवर पडलेल्या दिवसांतही मी तो तसा पाहिला नव्हता. मोठ्या माणसाचा चेहराच नव्हता तो.

"मग इतकी वर्षं," हे म्हणाले, "मी काय करत होतो, राहेल?"

ह्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं तयार होतं. दहा वर्षं धार लावून ठेवलं होतं, आणि ते अगदी जिव्हारी लागलं असतं. ह्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही ह्यांना सुचत नव्हतं.

"मीबी तेच करत होते," मी म्हटलं. "जेवा आता."

मी दुसरं ताट वाढून आणलं. त्या शुक्रवारी आम्ही दोघं समोरासमोर बसून पोटभर जेवलो, आणि जेवताना देवाचे आभार मानायचे राहून गेले ते कुणाच्याच लक्षात आलं नाही.